ताटाभोवतीचे वर्ष

पुण्यातील एका सदनिकेतले हे सहा जणांचे जेवणाचे टेबल. एरवी त्यावर वर्तमानपत्र, औषधांचा डबा आणि इस्त्रीला द्यायचे कपडे असतात, आणि आम्ही चित्रीकरणासाठी येत होतो त्या वर्षात बहुतेक दिवस ते तसेच दिसले. मात्र काही सणांच्या सकाळी ते रिकामे करून पुसले जाते आणि घरातल्या आजी माळ्यावरून पत्र्याची एक पेटी उतरवायला सांगतात.

पेटीत महिरपी आहेत. पूर्वी जमिनीवर पाट मांडून पंगत बसत असे, तेव्हा प्रत्येकाच्या ताटाभोवती रांगोळीची कमानदार नक्षी काढली जाई. तीच ही महिरप. टेबलावर रांगोळी टिकत नाही, कारण पंखा लागला की ती वरणात येते. म्हणून मोत्यांच्या, क्रोशाने विणलेल्या आणि रंगीत साबुदाण्याच्या महिरपी आल्या. साबुदाण्याची महिरप आजींच्या सूनबाई करत आहेत: खाण्याच्या रंगात घोळवून वाळवलेले दाणे, जाड पारदर्शक कागदावर कापलेली कोयरी, तिच्या कडेने डिंकाची बारीक रेघ, आणि त्या रेघेवर चिमट्याने एकेक दाणा. एका ताटाच्या महिरपीला पूर्ण दुपार लागते. ही दुपार घरात बहुतेक वेळा बायकांचीच जाते, हेही नोंदवले पाहिजे.

टेबल कोणत्या विषयावर सजवायचे, असा प्रश्न या घरात पडत नाही, कारण तो विषय महिना ठरवतो आणि सामान मंडईतून येते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. त्या महिन्याचे रंग कैरीचे, कलिंगडाचे आणि मोगऱ्याचे. टेबलावर मधोमध जुन्या इरकली साडीचा काठ लांबट पट्टीसारखा अंथरला आहे. साडी विरली, काठ मात्र शाबूत राहिला. सुरीचे टोक तिरपे खुपसत कलिंगडाला नागमोडी चीर दिली जाते, दोन्ही अर्धे भाग सुटे होतात आणि पाकळ्यांचे लाल कमळ उघडते. भोवती वाटल्या डाळीत कैरी किसून घातलेली आंब्याची डाळ, केशराची काडी तरंगणारे पन्हे आणि ओटीचे भिजवलेले हरभरे. या मांडणीत बाजारातून विकत आणलेली शोभेची एकही वस्तू नाही आणि तिची उणीवही भासत नाही.

श्रावणात नागपंचमीला चिरणे आणि तळणे वर्ज्य मानतात. त्यामुळे त्या दिवशीचे टेबल वाफेवरच्या पदार्थांचे असते, आणि कोकणातून आलेल्या या घरात ते हळदीच्या पानांचे असते. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर गूळखोबऱ्याचे सारण, पान दुमडून मोदकपात्रात. शिजलेले पान उलगडले की त्याच्या शिरा पातोळ्यावर उमटलेल्या दिसतात. त्या दिवशी पेटीतली महिरप बाहेर काढली गेली नाही, आणि आमच्या मते ते योग्यच झाले.

भाद्रपदात केळीचे पान येते आणि इथे मांडणीला व्याकरण असते. पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, वरच्या कडेला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे असे जिभेला जाग आणणारे, पण थोडेच घ्यायचे पदार्थ, उजवीकडे भाजी, उसळ आणि आमटीची वाटी असे पोटभरीचे पदार्थ, आणि मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. हा क्रम ज्याला ठाऊक आहे, तो डोळे मिटूनही मिठाला हात घालू शकेल. मोदक वाढला की पान भरते. केळीच्या पानाचे चित्र छापलेल्या प्लॅस्टिकच्या ताटल्या आता बाजारात मिळतात. त्यांच्यावर ही शिस्त पाळलेली आम्ही क्वचितच पाहिली. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, तरी सणानंतरच्या कचऱ्यातील सजावट संपलेली नाही.

पितृपंधरवड्यात ताटाभोवती रांगोळी नसते. त्या दिवशी आम्ही कॅमेरा नेला नाही. दसऱ्याचे झेंडू आणि दिवाळीच्या पणत्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. त्यांची दृश्येच पुरेशी आहेत.

पौषातले टेबल मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. त्याची तयारी स्वयंपाकघरात, मंद आचेवरच्या परातीत सुरू होते. परातीत तीळ आणि खसखस आहे. साखरेचा स्वच्छ पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाक एकदम ओतला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पाक पिवळा पडतो. पहिल्या तासात काहीच घडल्यासारखे वाटत नाही. मग दाण्यावर पांढरा थर चढू लागतो आणि पुष्कळ वेळाने, हवेत गारवा असेल तर, त्याला काटा येतो. बोटांच्या टोकांना बसणारे चटके कॅमेऱ्याला दिसत नाहीत. काटेरी हलव्याचा एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवून हार, बाजूबंद आणि मुकुट तयार होतात. ते नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी असतात. या घरात त्यातलेच काही सर ताटांसाठी राखून ठेवतात.

संक्रांतीच्या दुपारी टेबलावर आजींची काळी चंद्रकळा अंथरली जाते. तिच्यावर प्रत्येक ताटाभोवती पांढऱ्या हलव्याची महिरप आहे. मधोमध सुगडे असून त्यांत उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे आणि गव्हाच्या ओंब्या आहेत. ताटात गुळाची पोळी आणि तूप आहे. आदल्या दिवशीच्या भोगीची, तीळ लावलेली बाजरीची भाकरी याच टेबलावर साध्या ताटात वाढली गेली होती.

रथसप्तमी उलटल्यावर महिरपींचे दोरे कापले जातात. दाणे शेजारच्या मुलांच्या हातावर पडतात, चंद्रकळा घडी होऊन पेटीत जाते आणि टेबलावर पुन्हा वर्तमानपत्र येते.