वाईची एक दिवसाची सहल

श्रोतेहो, नमस्कार. सुट्टी लागली की पुण्याहून निघालेल्या गाड्या सुरूर फाट्याला वळतात, वाईमार्गे पसरणी घाट चढतात आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या गर्दीत जाऊन अडकतात. वाई त्यांच्यासाठी चहाचा थांबा. आज बोलायचंय ते मुलंबाळं, आजी-आजोबा घेऊन वाईतच दिवस घालवण्याबद्दल. पाचगणी त्याच दिवशी उरकू, हा मोह आधी सोडा; दोन्ही धड होत नाहीत.

पुण्याहून वाई साधारण नव्वद किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर आठ-साडेआठला पोचता. आठला निघालात तर किती वाजतील याचा भरवसा नाही. कारण खंबाटकी. जाताना घाट चढावा लागतो, आणि एखादा ट्रक चढावर बंद पडला की मागे रांग लागते. त्या रांगेत हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की क्लचप्लेट जळायला लागते, तसा वासही येतो. त्यापेक्षा न्यूट्रल करून हँडब्रेक लावा आणि पुढे गाडीभर जागा झाली की मगच हला. इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. एसटीनं जायचं असेल तर स्वारगेटहून गाड्या आहेत, पण सुट्टीत आरक्षण आधी करा.

डब्यात दशम्या न्या. कणीक दुधात भिजवलेली असल्यानं त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. दहीभात सकाळी कालवून नेला तर दुपारी आंबट ढाण होतो. म्हणून एक वाटी तांदळाचा भात मऊ शिजवून निववा, त्यात दोन वाट्या कोमट दूध आणि फक्त चमचाभर दही घाला. डब्यातच विरजण लागतं आणि जेवणाच्या वेळेला ताजा दहीभात तयार असतो. भात गरम असताना दही घातलं तर मात्र दूध फाटतं. मीठ वाढताना घाला.

पोचल्यावर आधी ढोल्या गणपती. उन्हं चढायच्या आत, कारण कृष्णाकाठच्या घाटाच्या काळ्या फरशा दुपारी अनवाणी पायांना चटके देतात. आजींसाठी जाड मोजे पिशवीत असू द्या. संकष्टी असेल त्या दिवशी दर्शनाला वेळ जास्त धरा. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी 1762 साली बांधलेलं हे देऊळ. दर्शन झालं की लोक सरळ निघतात, पण तुम्ही मागच्या बाजूला जा. मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. मुलांना ‘हे असं का बांधलं असेल?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. शेजारीच काशीविश्वेश्वर, तिथला दगडी नंदीही बघा.

पाण्याशी खेळ बेतानं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि वरच्या अंगाला धोम धरण आहे. पाणी सोडलं की पातळी वाढते. कोरडी असेल त्या शेवटच्या पायरीवर मुलांना थांबवा.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खाजगी मालकीचा आहे, म्हणून आत किती पाहता येईल ते दारात विचारा. आत नाही जाता आलं तरी हिरमुसू नका, खरी गंमत मागच्या घाटावर आहे. मेणेश्वराच्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली दिसेल. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. जवळ जाऊन शोधावी लागते. शिवमंदिराशी मेरी कशी आली, हे सांगायला आजोबांना चांगला अर्धा तास पुरतो! डबा इथेच सावलीत उघडा, फक्त खरकटं नदीत टाकू नका.

मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. कार्यालय सरकारी, त्यामुळे सुट्टीला बंदच धरा. वाई तालुक्यात हळद पिकते. बाजारात गेलात तर पुडीपेक्षा हळकुंडं घ्या. एक मोडून पाहा, आत गर्द केशरी निघालं पाहिजे.

परत निघायचं ते तीनच्या आत. चारनंतर महाबळेश्वरच्या गाड्या खाली उतरायला लागतात, आणि मग खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून कात्रजपर्यंत कुठेही खोळंबा होऊ शकतो. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते आदल्या रात्री घरीच बघून ठेवा.