इमारत सांध्यात रखडते

श्रोतेहो, नमस्कार.

लोकलच्या दारातून किंवा उड्डाणपुलावरून जाताना मुंबईत जागोजागी पत्र्यांची उंच कुंपणं दिसतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेनं धुळीचे नियम कडक केले, तेव्हापासून ७० मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती ३५ फुटी पत्रे लागतात. आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. क्रेन दोन महिने हलली नाही की लोक म्हणतात, पैसे संपले. कधीकधी तसं असतंही. पण ऑफिसांची, दुकानांची इमारत बहुतेक वेळा रखडते ती दोन कामांच्या सांध्यावर. स्लॅबवाल्याला स्लॅब येतो, काचवाल्याला काच येते, दोघांच्या मधल्या चार इंचांना मालक नसतो. प्रकल्पप्रमुखाचा पगार त्या चार इंचांसाठी असतो.

सुरुवात खड्ड्यापासून करू. समजा भूखंड ५,००० चौरस मीटर, तीन तळघरं, खोली १२ मीटर. म्हणजे ६०,००० घनमीटर माती आणि खडक. ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांच्या मापात, सांगायचं तर २१ हजारांहून जास्त, आणि गौण खनिजाची रॉयल्टी ब्रासवरच भरायची असते. एका डंपरात जागेवरच्या मापानं १० घनमीटर माल जातो असं धरलं तरी ६,००० फेऱ्या. रोज ६० फेऱ्या निघाल्या तर १०० दिवस. आता पहिला सांधा बघा. खडक फोडणारा ब्रेकर दिवसा चालवावा लागतो, कारण रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची बंदी. डंपर मात्र गर्दीच्या वेळी रस्त्यावर काढता येत नाहीत, ते रात्रीच सुटतात. म्हणजे दिवसभर फोडलेला दगड खड्ड्यातच साठवायला जागा हवी. ती नकाशावर राखली नसेल तर ब्रेकर आणि डंपर एकमेकांची वाट बघत उभे राहतात, आणि भाडं दोघांचंही चालू.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. त्याआधी राफ्ट, म्हणजे तळाचा जाड स्लॅब, झाला पाहिजे. उलटं मोजत या. दिवाळी झाल्याझाल्या खोदकाम लागलं तर फेब्रुवारीअखेर तळ गाठतो. दीड मीटर जाडीचा राफ्ट धरला तर काँक्रीट ७,५०० घनमीटर, लोखंड साधारण ९०० टन. एक फिटर दिवसाला सरासरी २०० किलो बांधतो. म्हणजे ९० फिटर, ५० दिवस. आणि नेमकी मार्चमध्ये होळी. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडकडची मंडळी गावी निघतात. काही पंधरा दिवसांनी येतात, काही लग्नसराई आटोपून. होळीला जाऊ नका म्हणणारा प्रमुख भोळा. जाणता प्रमुख डिसेंबरातच मुकादमाशी बोलतो, परतीच्या तिकिटांचे पैसे मंजूर करतो आणि दुसऱ्या राज्यातली एक टोळी बोलावून ठेवतो.

पावसात खड्डा उघडा राहिला तर नुसतं काम थांबत नाही. भरतीच्या वेळी पाऊस पडला की पंपानं बाहेर फेकलेलं पाणी घ्यायला गटारात जागा नसते. खड्ड्याच्या कडेला माती अडवायला रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांमधल्या, म्हणजे पायलींमधल्या, फटीतून चिकणमाती वाहून आली की शेजारचा रस्ता खचतो, जुन्या चाळीच्या भिंतीला तडा जातो. म्हणून खोदकामाआधीच शेजारच्या प्रत्येक इमारतीतल्या तड्यांचे तारखेसह फोटो घ्यायचे आणि तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या. पट्टी तुटली तर तडा वाढला. हे आधी केलेलं नसेल तर नंतर प्रत्येक जुना तडा तुमच्याच नावावर जमा होतो.

आता सगळ्यात महागडा सांधा. जमिनीतलं पाणी दोन मीटरवर आहे असं धरा. राफ्टचा तळ बारा मीटरवर, म्हणजे खालून दहा मीटर पाण्याचा दाब, दर चौरस मीटरला १० टन, वरच्या दिशेनं ढकलणारा. राफ्टचं वजन चौरस मीटरला पावणेचार टन. त्यावरचा एकेक मजला तुळया आणि खांबांसह ढोबळमानानं ०.८ टन. तळघरांचे तीन स्लॅब धरून जेमतेम सव्वासहा टन झाले. सुरक्षिततेसाठी दाबाच्या १.२ पट, म्हणजे १२ टन वजन हवं. उरलेल्यासाठी वर आणखी सात-आठ मजले चढायला हवेत. तोवर जमिनीतलं पाणी उपसणारे पंप बंद करता येत नाहीत. आणि पंप कोणाचे? खोदकामाच्या ठेकेदाराचे. त्याचा करार राफ्टपर्यंत. तो बिल लावतो, पंप ट्रकवर चढवतो आणि निघतो. एखाद्या सुट्टीच्या रात्री वीज जाते, जनरेटर कोणी जोडलेला नसतो आणि सकाळी तळघराचा स्लॅब मध्यभागी फुगलेला दिसतो. तळघरांचा जो भाग टॉवरच्या बाहेर पसरलेला असतो, त्यावर तर ते मजले कधीच येत नाहीत. तिथे राफ्ट सहसा अँकरनं, म्हणजे खडकात खोल रोवलेल्या पोलादी सळयांनी, जखडावा लागतो, पंप कितीही चालवा. करारात एकच ओळ हवी: पंप कधी बंद करायचे ते स्ट्रक्चरल सल्लागार लेखी सांगेल, आणि तोपर्यंतचा खर्च अमुक एका पक्षाचा. ही ओळ निविदेच्या वेळी लिहायला पाच मिनिटं लागतात.

जमिनीच्या वर आल्यावर सांधे बदलतात. काचेच्या दर्शनी भागाला स्लॅबच्या कडेत आधीच चॅनेल, म्हणजे बोल्ट अडकवायच्या लोखंडी खाचा, बसवून ठेवावे लागतात. म्हणजे काचेचा ठेकेदार वरच्या एकसारख्या मजल्यांपैकी पहिला टाकायच्या आधी ठरला पाहिजे. बरेच मालक चांगला दर मिळेल म्हणून ही ऑर्डर लांबवतात. मग स्लॅबच्या कडेला भोकं पाडून बोल्ट ठोकायचे. त्यात कड ४० मिलिमीटर आत-बाहेर असेल तर काच धरणारा ब्रॅकेट पोचत नाही, आणि प्रत्येक मजल्यासाठी वेगळा ब्रॅकेट घडवायचा. दरात वाचवलेलं तिथेच जातं. लिफ्टचंही तसंच: मशीन यायला महिने लागतात, आणि शाफ्टची, म्हणजे लिफ्टच्या उभ्या विहिरीची, मापं कंपनी ठरल्याशिवाय पक्की होत नाहीत.

छताच्या आत तर भांडणच असतं. एसीचा डक्ट, स्प्रिंकलरचे पाइप, केबल ट्रे, ड्रेनेज, सगळ्यांना तुळईखालची तीच जागा हवी. तुळईत आधी पाइप जायला स्लीव्ह, म्हणजे नळी, सोडली नाही, तर नंतर काँक्रीटला गोल भोक पाडणारा कोअर कटिंगवाला येतो आणि त्याच्या मशीनखाली मुख्य सळई येते. सगळ्या सेवांचा एकत्र नकाशा, सगळ्यांच्या सह्यांसह, स्लॅबच्या निदान सहा आठवडे आधी. सही नसेल तर स्लॅब पुढे ढकलावा. ते सांगायला थोडी हिंमत लागते, कारण काँक्रीटचा पंप आणि मिक्सर बुक झालेले असतात.

पैशांबद्दल थोडक्यात. साइट चालते खर्चीवर, म्हणजे मजुरांना आठवड्याला हातात मिळणाऱ्या पैशांवर. मुख्य ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्यानं लावलेलं बिल, दोन महिने टेबलावर पडलं की तो मुकादमाला देत नाही, मुकादम खर्ची थांबवतो आणि टोळी पलीकडच्या साइटवर जाते. कागदावर सगळं सुरळीत असतं, साइट रिकामी. वादातली पाच टक्के रक्कम बाजूला ठेवून बाकीची वेळेवर सोडली तर बिलाच्या भांडणामुळे स्लॅब अडत नाही.

परवानग्यांमध्ये आपल्याकडे एक गंमत आहे. महापालिकेच्या पहिल्या मंजुरीपत्राचं नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना! त्यातल्या अटी पुऱ्या केल्या की काम सुरू करण्याचा दाखला मिळतो, तोही सहसा आधी जोत्यापर्यंत. जोतं तपासून झालं की पुढचा. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. तिथे इमारत अडते ती बहुधा किरकोळ गोष्टींवर: अग्निशमनाचा पंप चालतो, पण जिन्यातल्या दारांना ती आपोआप बंद करणारे क्लोजर नाहीत, किंवा अग्निशमनाचा बंब वळायचा त्या जागेत बागकामवाल्यानं कुंड्या मांडल्यात. पहिल्या पत्रातल्या अटींचा तक्ता करून प्रत्येक अटीसमोर एक नाव लिहावं, खात्याचं नको, माणसाचं.

आणि ताबा डिसेंबरात दिला तर गळती जूनमध्ये कळते. खिडकीखालून पाणी आलं की काचवाला वॉटरप्रूफिंगकडे बोट दाखवतो, वॉटरप्रूफिंगवाला काचेकडे. म्हणून आतलं छत बंद करण्याआधी दोघांना एकत्र उभं करून बाहेरून पाइपानं पाणी मारायचं, खालच्या सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर, एकेका सांध्यावर थांबत. कुठल्या सांध्याला पाणी आत आलं ते दोघांसमोर लिहायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या. ठेकेदारांच्या बिलांतून राखलेल्या अनामत रकमेचा शेवटचा हिस्सा मात्र पहिला पावसाळा पूर्ण उलटेपर्यंत सोडायचा नाही.

नमस्कार.