बाळाच्या पोटातला गोळा

श्रोतेहो, नमस्कार. मुलांच्या किडनीत गाठ झाली, तर शंभरांतल्या नव्वदच्या आसपास गाठी विल्म्स ट्यूमर या किडनीच्या कॅन्सरच्या असतात. तीन-चार मात्र क्लिअर सेल सार्कोमा या दुसऱ्या कॅन्सरच्या निघतात. १९७८ च्या सुमारास हा वेगळा आजार म्हणून ओळखला गेला, त्याआधी तोही विल्म्समध्येच धरला जायचा.

एका आजींची गोष्ट सांगते. नातू दोन वर्षांचा. आजी त्याला रोज तेल लावून न्हाऊ घालायच्या. एके दिवशी डाव्या कुशीत हाताला टणक लागलं. पोर खेळत होतं, जेवत होतं, ताप नाही की दुखणं नाही. शेजारी कुणी म्हणालं, जंत झालेत. कुणी म्हणालं, खडा धरलाय, चोळून मोकळा करा. आजींनी उलट त्या बाजूला तेल लावणंच थांबवलं. "कळत नाही ते दाबायचं नाही," म्हणाल्या, आणि सुनेला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे धाडलं.

सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं. सर्जननी गाठीसकट किडनी अखंड बाहेर काढली. रिपोर्ट आला विल्म्सचा. तरी तिथल्या डॉक्टरांनी स्लाइड, म्हणजे गाठीचा पातळ काप लावलेली काच, आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, देऊन वडिलांना माझ्याकडे पाठवलं. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे असे तुकडे तपासून निदान करणारी डॉक्टर. बरोबर आजी होत्याच. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट पेशींचे पुंजके आणि त्यांच्यामधून गेलेली बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसली. मनात शंका आली. बीकॉर नावाच्या प्रथिनाची तपासणी लावली, ती ठळक आली. सार्कोमाच होता. आधीच्या पॅथॉलॉजिस्टचा यात हलगर्जीपणा नाही. या दोन गाठी खरोखरच सारख्या दिसतात.

आजींनी विचारलं, "नाव बदललं, मग औषध बदलतं का?" बदलतं, आजी. सुरुवातीच्या टप्प्यातल्या विल्म्सला पुष्कळदा दोन औषधं पुरतात. इथे डॉक्सोरुबिसिन, ते लाल औषध, लागतंच. सोबत आणखी औषधं, आणि बहुतेकांना किरणांचा शेक, म्हणजे रेडिएशनही. लाल औषधाने हृदयावर ताण येतो, म्हणून अधूनमधून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. या नातवाच्या हाडांचा स्कॅन आणि डोक्याचा एमआरआयही झाला, कारण हा आजार तिकडे पसरतो. आता पोरगा शाळेत जातो.

मला तर वाटतं, तेल लावून न्हाऊ घालणं जुनाट म्हणून टाकून देऊ नये. रोजच्या हाताला फरक कळतो. आणि आम्हा डॉक्टरांनीही सर्दीच्या मुलालासुद्धा आडवं झोपवून पोट तपासावं. नुसती चिठ्ठी लिहून देणं मला पटत नाही.

पण लक्षात ठेवा, गोळा लागला तर चोळू नका. पुन्हा सांगते, चोळू नका. गाठ फुटली तर आजार पुढच्या टप्प्यात जातो आणि उपचार वाढतात.

नेमकं निदान आणि पूर्ण उपचार मिळाले, तर परदेशातल्या मोठ्या अभ्यासांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं वाचली आहेत. मात्र हा आजार काही वर्षांनीही उलटतो, पुष्कळदा मेंदूत. पुढे कधी मूल डोकं दुखतं म्हणालं, सकाळी उलट्या करू लागलं, तर चष्म्याचा नंबर असेल म्हणून थांबू नका. जुनी फाइल घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडेच जा. ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे, तेही फाइलवर लिहून ठेवा. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. नमस्कार.