पुण्यातून पैसा कुठे जातो, आणि कुठून येतो?

शनिवारी संध्याकाळी वारज्यात एका मोबाईल रिचार्जच्या दुकानात उभा होतो. साइटवर नुकतीच खर्ची वाटून झालेली. खर्ची म्हणजे पूर्ण पगार नाही हं! आठवड्याच्या पोटापुरती उचल. बाकीचा हिशोब मुकादमाच्या वहीत. एका गवंड्यानं, नखांत सिमेंट वाळलेलं, त्यातल्याच पाचशेच्या चार नोटा काढल्या. दुकानदारानं स्वतःच्या फोनवरून दोन हजार बिहारला टाकले, हजाराला दहा रुपये घेतले. गडी हलेना. घरी फोन लावला, पलीकडून ‘आ गया’ ऐकलं, तेव्हा कुठे पायरी उतरला.

आपल्याकडे हे जुनंच आहे. मनीऑर्डर आठवते? वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन, म्हणजे हजाराला पन्नास. फॉर्मच्या तळाशी निरोपाला दोन ओळींची जागा, आणि तो निरोप बऱ्याचदा पोस्टमनच वाचून दाखवायचा. त्यामुळे कोणाच्या मुलानं किती पाठवले, हे अख्ख्या वाडीला कळायचं.

परदेशातून आलेला असाच पैसा मात्र पेपरात झळकतो. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, जगात सर्वात जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत यातला सर्वात मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा. केरळ किंचित मागे. आणि एकेक देश धरला तर पाठवणाऱ्यांत अमेरिका पहिली. मुलं अमेरिकेत असलेल्या कोथरूडच्या आजी-आजोबांना यात काही नवल वाटणार नाही.

आता यातली खरी गंमत. २०२० मध्ये, कोविड सुरू झाल्यावर, जागतिक बँकेनं अंदाज बांधला की भारतात येणारा हा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात घट झाली जेमतेम ०.२ टक्के! शेअर बाजारातला परदेशी गुंतवणूकदार वारं फिरलं की पैसे काढून घेतो. पण बाप दवाखान्यात असेल तर मुलगा स्वतःचा खर्च कापून जास्तच पाठवतो. आयात-निर्यातीतली आपली तूट भरून काढायला हा पैसा मोठा आधार आहे.

मग गावं श्रीमंत व्हायला हवीत ना? कोकणाकडे बघा. मुंबईच्या गिरण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरी गेल्या. चिरेबंदी घरं झाली, पोरं शिकली, सावकाराचं कर्ज फिटलं. पण गावात धंदा उभा राहिला नाही, म्हणून शिकलेली पोरं पुन्हा मुंबईलाच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पगार थांबला आणि कित्येक कामगार गावी परतले. तेव्हा त्यांना पोसलं त्या गावच्या भातानं. मला विचाराल तर, कारखाना, पाणी, रस्ता ही कामं चाकरमान्याच्या पाकिटावर ढकलून सरकारनं हात झटकणं, हे मला मुळीच पटत नाही.

घरातलं राजकारण वेगळंच. नवरा शहरात, तर शेत, शाळा, बँक सगळं बायको बघते. पण पैसे सासऱ्याच्या खात्यावर येत असतील तर तिला साध्या औषधालाही हात पसरावा लागतो. तिच्याच नावाचं खातं असलं की गोष्ट बदलते. निदान मी पाहिलेल्या घरांत तरी बदलली.

आणि आपल्या पुण्यात हीच गंगा उलटीही वाहते. सदाशिव पेठेत या. अभ्यासिकेची फी, कॉटबेसिसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं, भाडं, मेसचा डबा. एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांचा हा खर्च मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या सोयाबीनवर चालतो. एक तारीख उजाडली की मेसच्या काउंटरवर पोरं मोबाईल हातात धरून उभी असतात. परवा एक जण मेसवाल्या काकूंना म्हणाला, “काकू, चार दिवस थांबा, बाबांचा माल अजून विकला नाही.” काकूंनी वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली आणि ताटात भात वाढला.