आधी कामं हलवा, मग संगणक

(एका सार्वजनिक ग्रंथालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरचे जुने लॅपटॉप अचानक चर्चेत आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही तुलनेनं नवा लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१५-१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत असलेला लॅपटॉप कागदोपत्री निकालात निघाला. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. भाचा म्हणतो, विंडोज काढून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. दोघांपैकी कुणाचंही ऐकण्याआधी थोडा वेळ माझं ऐका.

लिनक्सचा इतिहास मी पटकन उरकणार आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. त्याचा तो गाभा आणि रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात १९८४ पासून तयार होत आलेली साधनं एकत्र आली. यातलं सगळं कुणीही उघडून वाचावं, बदलावं, वाटावं, अशा परवान्यावर. मग निरनिराळ्या मंडळींनी आपापले संच बांधले, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चा, उबुंटू २००४ चा, उबुंटूवर बेतलेला मिंट २००६ चा. असे शेकड्यांनी आहेत, आणि नवख्यानं कोणता घ्यावा यावर जेवढी भांडणं होतात तेवढी सोसायटीच्या पार्किंगवरूनही होत नाहीत. माझं उत्तर एकच: मिंट घ्या. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. बसल्या बसल्या हात चालायला लागतो. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम आठ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती, चार असेल तर एक्सएफसीई. झालं. डिस्ट्रोवर यापुढे एक शब्द बोलणार नाही.

कारण अडचण तिथे नसतेच. लिनक्स टाकून महिनाभरात परत विंडोजवर आलेल्या माणसाला विचारा काय झालं. ‘लिनक्स अवघड होतं’ असं तो क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, बिलाची फाइल उघडली नाही, प्रिंट निघाली नाही, जुनी पत्रं वाचता येईनात. म्हणजे सिस्टिम बदलली आणि कामं मागेच राहिली. म्हणून माझं सांगणं असं, की क्रम उलटा करा. आधी कामं हलवा. विंडोजवर असतानाच लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेल), व्हीएलसी (गाणी-व्हिडिओ), गिंप (फोटो) ही सगळी मंडळी बसवा. सगळी विंडोजवर चालतात. महिना-दोन महिने त्यांच्यावरच काम करा. काय अडतंय ते त्या काळात कळेल, आणि अडलं तर जुना प्रोग्राम शेजारीच आहे. ज्या दिवशी लक्षात येईल की जुन्या प्रोग्रामांना हात लावूनच बरेच दिवस झाले, त्या दिवशी खालची सिस्टिम बदला.

हा शोध माझा नाही. फ्रान्समध्ये ‘झांदार्मरी’ नावाचं लष्करी शिस्तीचं पोलीस दल आहे, खेडोपाडी त्यांचीच ठाणी असतात. त्यांनी २००५ मध्ये फक्त ऑफिसचे प्रोग्राम बदलले, ओपनऑफिस आणलं. २००६ मध्ये ब्राउझर आणि ईमेल बदललं. उबुंटूकडे वळण्याचा निर्णय २००८ चा, म्हणजे त्यानंतरचा. तोवर शिपाई ज्या प्रोग्रामांत अहवाल टंकत होते ते तसेच राहिले, खालचं तेवढं बदललं. आज त्यांचे बहुतेक सगळे संगणक लिनक्सवर आहेत. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांनी याच शतकाच्या पहिल्या दशकात मुक्त प्रणाली स्वीकारली. ती टिकली, कारण आधी शिक्षकांना शिकवलं गेलं. आपली महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी एमएस-सीआयटीवर तयार झाली. त्या अभ्यासक्रमानं लाखो लोकांच्या हातात माउस दिला, हे उपकार मोठे आहेत; पण संगणक म्हणजे विंडोज आणि पत्र म्हणजे वर्ड ही सवयही आपल्या बोटांना तिथेच लागली. ती सवय एका रविवारी दुपारी मोडत नाही.

आता आपल्या मराठी माणसाची खास अडचण. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात ही तुम्हाला सापडणार नाही.

तुमच्याकडे २००० ते २०१० च्या दरम्यानच्या मराठी फाइली असतील. संस्थेचे अहवाल, लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचे लेख, वकिलांकडचे करारनामे. यातल्या बऱ्याचशा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. त्या काळी डीटीपीवाल्यांकडे जे फॉन्ट असत त्यांत फाइलमध्ये प्रत्यक्षात साठायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसते कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. लोक म्हणतात लिनक्सनं फाइल बिघडवली. तसं नाही, नव्या विंडोजवरही हेच होईल. फाइल पहिल्यापासून तशीच आहे.

यावर उपाय म्हणजे फॉन्ट परिवर्तक. तो जुना मजकूर युनिकोडमध्ये आणतो. पण बदलून आलेला मजकूर परत तपासावाच लागतो, आणि कुठे तपासायचा तेही सांगतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रफाराचं याच्या उलट: जुन्या पद्धतीत तो डोक्यावर शेवटी चढवायचा, युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी येतात. परिवर्तकाला हे सगळं उचलून जागच्या जागी ठेवावं लागतं आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. म्हणून ‘स्थिती’, ‘कार्यवाही’, ‘वर्षानिमित्त’ असे शब्द शोधून बघा. ते बरोबर आले असतील तर बाकीचं बहुधा बरोबर असतं. हे काम विंडोजवर, जुने फॉन्ट जागेवर असताना करा. म्हणजे एका खिडकीत मूळ आणि दुसऱ्या खिडकीत नवं असं ताडून बघता येतं. लिनक्सवर गेल्यावर मूळ कसं दिसत होतं हेच कळणार नाही.

टायपिंगचं मात्र लिनक्सवर उत्तम आहे. सेटिंगमध्ये कीबोर्डला मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची प्रमाण रचना जोडा, वेगळं काही विकत घ्यायला नको. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. मराठीला हमखास लागणारा आणि इंग्रजी अक्षरांवरून टाइप करताना हमखास चुकणारा ‘ऱ्य’ घ्या: शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ, मग डी वर हलन्त, मग य. ‘दऱ्या’, ‘पुढाऱ्यांनी’, ‘सुऱ्या’ सगळं सुतासारखं सरळ. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरूनच मराठी लिहायची सवय आहे त्यांनी आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याची एम१७एन ही जोड बसवावी. तिच्यात गमभन या उच्चारावरून टाइप करायच्या पद्धतीची रचनाही आहे. इनस्क्रिप्ट मात्र शिकाच, असं मी आग्रहानं सांगेन. थोडे दिवस चिडचिड होते, मग हात बसतो, आणि तो हात विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे चालतो.

फॉन्टांचं म्हणाल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ घ्या, राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ घ्या, दोन्ही मोफत. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. काही फॉन्टांत तेवढ्यानंच ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे होतात.

आता कोणी बदलू नये ते सांगतो, कारण लिनक्सची मंडळी हे सांगायला लाजतात. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे त्यांनी दुकानातला मुख्य संगणक बदलू नये. टॅली विंडोजसाठी आहे. वाइन नावाच्या सोयीतून काही विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण मार्च अखेरीला त्याच्या भरवशावर बसू नये. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरून निविदा भरणाऱ्यांनीही थांबावं. काही टोकनांचे लिनक्ससाठी ड्रायव्हर (यंत्राची सिस्टिमशी गाठ घालून देणारे प्रोग्राम) मिळतात, पण प्रत्येक पोर्टल, प्रत्येक सही-प्रोग्राम जुळेलच असं नाही. फोटोशॉप, कोरलड्रॉवर पोट असणाऱ्यांचंही तेच. बाकी बँक, सातबारा, रेल्वेचं तिकीट, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ही ब्राउझरमधली कामं आहेत. त्यांना खाली कोणती सिस्टिम आहे याच्याशी सहसा देणंघेणं नसतं.

प्रिंटर हा स्वतंत्र विषय. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांसाठी कंपनीनंच लिनक्सचा मुक्त ड्रायव्हर दिलेला आहे, आणि वायफायवरून मोबाइलची प्रिंट घेणारे नवे प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात. गंमत होते ती झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या, स्वस्त लेझर प्रिंटरांची. त्यातले काही स्वतः काहीच करत नाहीत, सगळं काम संगणकातल्या ड्रायव्हरवर ढकलतात. तो ड्रायव्हर कंपनीनं नीट दिला नसेल तर रात्र रात्र बसूनही कागद बाहेर येत नाही.

हे सगळं विकत न घेता, काही न पुसता तपासता येतं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल, उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते. रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामनं ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, मुलाच्या लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका. मग लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. डेल, लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. पेनड्राइव्ह निवडला की मिंट त्याच्यावरूनच सुरू होतं. तुम्ही स्वतः ‘इन्स्टॉल’ दाबत नाही तोवर तुमच्या डिस्कवर ते काही करत नाही. थोडं संथ चालेल, ते पेनड्राइव्हमुळे. आता वायफाय जोडा, यूट्यूबवर आवाज ऐका, कॅमेरा लावा, झाकण मिटून परत उघडा, प्रिंटर लावून एक पान काढा. झाकण मिटण्याची तपासणी लोक विसरतात आणि नंतर तीच छळते. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, मोबाइल केबलनं जोडून त्याचं नेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा, पुष्कळदा तिथेच सुटतं.

बसवायची वेळ आली की लोक विचारतात, विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच डिस्कवर ठेवू का? ठेवता येतात. पण विभागणीच्या त्या पानावर ‘डिस्क पुसून बसवा’ आणि ‘शेजारी बसवा’ हे दोन पर्याय जवळजवळ असतात आणि एका चुकीच्या टिचकीत दहा वर्षांचं सामान जातं. शिवाय विंडोजनं डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केली असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवायला हवी. ती आपल्याकडे आहे की नाही, हेसुद्धा बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून डिस्क बदलता येणाऱ्या जुन्या लॅपटॉपला मी सरळ नवी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, घालायला सांगतो. जुनी डिस्क काढून कपाटात. मिंट नव्या डिस्कवर. काही बिनसलं तर जुनी परत लावली की सगळं होतं तिथे. आणि जुना लॅपटॉप वेगवान झाला म्हणून लोक लिनक्सचं कौतुक करतात, त्यातलं निम्मं श्रेय खरं तर त्या एसएसडीचं असतं. हे मी लिनक्सवाला असून सांगतोय.

पहिल्या आठवड्यात ‘सी ड्राइव्ह कुठे गेला?’ हा प्रश्न येणारच. नाही तो. तुमचं सगळं ‘होम’ नावाच्या फोल्डरमध्ये. प्रोग्राम हवा असेल तर इंटरनेटवर शोधून उतरवायचा नाही, मिंटचा सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा आणि तिथून घ्यायचा. अर्धे व्हायरस तर त्या उतरवण्याच्या सवयीतूनच घरात येतात. टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी चालू करा, ते सिस्टिमची प्रत ठेवतं आणि काही बिघडलं तर मागे नेतं. पण ती प्रत सिस्टिमची, तुमच्या फोटोंची नव्हे. फोटोंचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, तुमचा तुम्ही घ्यायचा. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, भिऊ नका, पण कुणी काहीही आज्ञा पाठवली म्हणून ती चिकटवूही नका. ती काय करते हे आधी विचारा.

आणि विचारायला माणसं आहेत. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा आहे. प्रश्न विचारताना लॅपटॉपचं मॉडेल, मिंटची आवृत्ती आणि पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी द्या. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर देणाऱ्याचंही चालत नाही.

आता ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी चार्जर घेऊन त्या लांब टेबलाकडे यावं. आज पेनड्राइव्हवरून चालवून बघू आणि काय चालतं, काय नाही याची प्रत्येकाची यादी करू. ज्यांचा बॅकअप झालेला नाही त्यांच्या मशीनवर आज काही बसवणार नाही, कितीही आग्रह केला तरी. प्रिंटर कुणी आणलाय का? आणा, आधी तोच बघू.