दुधाची फॅट, मुडदूस आणि रक्त पातळ करणारी गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मॅडिसन शहरात विस्कॉन्सिन विद्यापीठ आहे. तिथल्या नामवंतांची यादी काढली की आधी नोबेलवाल्यांची नावं येतात. जॉन बार्डीन तिथलेच विद्यार्थी. भौतिकशास्त्राचं नोबेल १९५६ आणि १९७२ असं दोनदा मिळवणारे ते एकटेच. आपले हरगोविंद खुराना १९६० ते १९७० अशी दहा वर्षं तिथे होते आणि जनुकीय संकेतांवरच्या कामासाठी १९६८चं नोबेल त्यांना तिथे असतानाच मिळालं. ही नावं मोठीच आहेत. पण या विद्यापीठाचं खरं वैभव त्याच्या शेतकी महाविद्यालयात आहे, म्हणून आज तिकडे जाऊ.

डेअरीला दूध घालणारा माणूस रोज विचारतो, ‘फॅट किती लागली?’ या प्रश्नाला शेतावरच्या माणसालाही काढता येईल असं उत्तर या महाविद्यालयातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली शोधलं. तोवर दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राही, चांगलं दूध घालणारा तोट्यात.

बॅबकॉक यांची रीत अशी. लांब मानेच्या बाटलीत १७.६ मिलिलिटर दूध घ्यायचं, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. त्यात जवळपास तेवढंच, साडेसतरा मिलिलिटर, गंधकाम्ल घालायचं. बाटली तिरकी धरायची, म्हणजे आम्ल काचेवरून घसरत दुधाच्या खाली जाऊन बसतं. मग बाटली गोल फिरवत मिसळायचं. मिश्रण तापतं आणि चॉकलेटी होतं, कारण आम्ल दुधातली प्रथिनं विरघळवून टाकतं आणि स्निग्धांश तेवढा मोकळा करतं. बाटली गरगर फिरवणाऱ्या यंत्रात पाच मिनिटं फिरवायचं, मानेच्या तळापर्यंत गरम पाणी घालायचं, पुन्हा दोन मिनिटं फिरवायचं, पुन्हा गरम पाणी घालून फॅट मानेत चढवायची आणि शेवटचं एक मिनिट फिरवायचं. मानेवर टक्क्यांच्या खुणा असतात. फॅट गरम असतानाच, साधारण ५५ ते ६० अंशांना, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत मोजायची.

चूक कुठे होते, तेही ऐका. फॅटमध्ये काळे कण दिसले तर आम्ल फार तीव्र होतं, जास्त पडलं, किंवा दूध गरम होतं, फॅट करपली. पांढुरके कण दिसले तर आम्ल कमजोर किंवा कमी होतं, नाहीतर दूध थंड होतं. प्रथिनं पुरती विरघळली नाहीत. आणि सगळ्यात साधी चूक म्हणजे दूध न ढवळता नमुना घेणं. साय वर तरंगत असते, त्यामुळे वरचा नमुना जास्त फॅट दाखवतो आणि खालचा कमी. आपल्याकडे गर्बरची पद्धत रुळली. तिथे आम्ल १० मिलिलिटर, दूध १०.७५ आणि अमाइल अल्कोहोल १. तत्त्व मात्र तेच. आता संकलन केंद्रांवर यंत्रं आली, तरी दूध नीट न ढवळण्याची चूक यंत्रालाही माफ नाही. बॅबकॉक यांनी आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

तिथल्याच हॅरी स्टीनबॉक यांनी उलट मार्ग धरला. अतिनील प्रकाश टाकलेल्या अन्नात ड जीवनसत्त्व तयार होतं, मुडदूस टळतो, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. हे तंत्र वाईट हाती पडू नये म्हणून त्यांनी पेटंट घेतलं, पण त्याचं सगळं उत्पन्न स्वतःकडे ठेवलं नाही. त्यातून पुन्हा संशोधनच व्हावं यासाठी १९२५ साली विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं प्रतिष्ठान उभं राहिलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘वॉर्फ’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा.

फेब्रुवारी १९३३. हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत एक शेतकरी मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि गोड क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाची खराब झालेली वैरण. जनावरं रक्तस्रावाने मरत होती. विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या वैरणीमागे लागले. नीट वाळलेल्या क्लोव्हरने काही होत नाही. ओली राहून बुरशी आली की तिच्यातल्या कुमारिन या नैसर्गिक द्रव्यापासून डायकुमारॉल बनतं, ते के जीवनसत्त्वाचं काम अडवतं आणि रक्त गोठत नाही. तो पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला १९३९ साल उजाडलं. १९४८ साली त्याच कुळातलं एक औषध उंदीर मारायला बाजारात आलं. ‘वॉर्फ’ला कुमारिनचं शेपूट जोडून त्याचं नाव पडलं वॉर्फरिन. १९५०च्या दशकात ते माणसांना देऊ लागले.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या कित्येकांच्या घरी आज ही गोळी असते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात, कारण रक्तातले आधीचे गोठणारे घटक संपावे लागतात. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, पाहूनच डोस ठरतो. बहुतेकांना हा आयएनआर २ ते ३ दरम्यान हवा असतो, काही झडपांना थोडा जास्त. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. पालक, मेथी बंद करायची गरज नाही, पण एकाएकी खूप वाढवू किंवा तोडू नका. त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. वहीत नोंद करा आणि ती वही तपासणीला जाताना सोबत न्या.

नमस्कार.