आधी ऊब, मग घास

(दृश्य: डिजिटल वजनकाटा, त्यावर प्लास्टिकचा डबा. डब्यात वेटोळं घातलेला साप.)

डब्याचं वजन वजा केल्यावर काट्यावर आकडा उरतो 640 ग्रॅम. ही बॉल पायथनची, म्हणजे पाळल्या जाणाऱ्या एका लहान अजगराची मादी, वय तीन वर्षं. या वयाला तिचं वजन निदान हजाराच्या पुढे हवं होतं.

आकडा बाजूला ठेवा, नुसता हात फिरवून बघा. धडधाकट बॉल पायथनचं अंग गोलसर भरलेलं असतं. हिच्या अंगाला मात्र छपराच्या आढ्यासारखी कड आली आहे. पाठीवरून बोट नेलं की मणके एकेक करून लागतात. कुशीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली, तर चुणी लगेच मोडत नाही. म्हणजे पोटाला अन्न नाही, तसं अंगात पाणीही कमी आहे.

असा साप पाहिला की जीव तुटतो आणि पहिला विचार येतो तो मोठा उंदीर देण्याचा. तिथेच घात होतो.

सापाला स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. पेटी गार असेल तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटात सडतो आणि साप तो ओकून टाकतो. शिवाय पचवण्यालाच केवढी ताकद लागते! बर्मी अजगरांवर संशोधन झालं आहे. मोठं भक्ष्य गिळल्यावर त्यांचं हृदय अवघ्या 48 तासांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. खंगलेल्या सापाकडे एवढी शिल्लक कुठून असणार? उपाशी शरीरावर एकदम मोठं जेवण लादलं, तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढळून साप दगावूही शकतो.

(दृश्य: पेटीच्या उबदार टोकाला थर्मामीटर.)

म्हणून सुरुवात पेटीपासून. उबदार टोकाला 31 ते 33 अंश, गार टोकाला 25 ते 27. ऊब देणाऱ्या हीट मॅटला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. दोन्ही टोकांना अंग चेपून बसता येईल अशी लपायची अरुंद जागा, आणि ताजं पाणी. उघड्यावर बसलेला बॉल पायथन घाबरलेला असतो. घाबरलेला साप खात नाही.

दुसरं काम, सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठणं. सोबत ताजी विष्ठा न्यायची. जंत असतील तर कितीही खाऊ घाला, अंगी लागणार नाही. तोंडातली सूज, श्वासाची घरघर, खवल्यांत लपलेले माइट्स नावाचे बारीक रक्तपिपासू किडे, हे सगळं तिथेच तपासलं जातं. बळजबरीने भरवायची वेळ आलीच, तर तीही त्यांच्याच हातून.

एक मात्र सांगायला हवं. बॉल पायथन कधीकधी महिनोन् महिने खात नाही आणि तरी ठणठणीत असतो. वजन टिकून आहे तोवर धीर धरा. घसरत असेल तर थांबू नका.

(दृश्य: संध्याकाळ, मंद उजेड. चिमट्यात उंदीर.)

आता पहिला घास. एरवी या वजनाच्या सापाला साठेक ग्रॅमचा उंदीर चालला असता, आज पंचवीसचाच. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये विरघळू दिला, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवला. उंदराचं डोकं जास्त उबदार हवं, कारण बॉल पायथनच्या वरच्या ओठावरचे खळगे उष्णता टिपतात. जीभ बाहेर येते, आत जाते. मान आखडते... आणि झडप!

यानंतर दोन दिवस तिला हात लावायचा नाही. पुढचा घास आठवड्याने, तोही एवढाच. ओकली, तर दोन आठवडे पोटाला विश्रांती आणि मग याच्याही निम्मा.

(दृश्य: पेटीचा कोपरा, कागदावर विष्ठा.)

बाराव्या दिवशी कोपऱ्यात हे सापडलं. घट्ट तपकिरी विष्ठा, शेजारी पांढरा खडूसारखा युरेट, म्हणजे सापाची घट्ट लघवी. कुणाला किळस येईल. आम्ही मात्र ते पाहून एकमेकांना टाळी दिली, कारण पहिला घास पचला होता.

सहाव्या आठवड्यात तोच डबा, तोच काटा. 688.